जुना पार्ट

तिने वॉशिंग मशीनचा पंप उलटा करून पाहिला. मग सुलटा केला, दिव्याखाली धरला, त्यावरचा काळा चिकटा अंगठ्याने पुसून पाहिला. ठिपका कुठेच नव्हता.

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. शेजारी दुकानाचं बिल आणि ते उडू नये म्हणून त्यावर चष्म्याची केस. दुरुस्तीवाला येऊन गेल्यावर टेबल असंच दिसायचं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते.

"हाच का तो जुना पार्ट?" तिने विचारलं.

"हो. दिला त्याने."

"मागितलात?"

"मागायच्या आधीच दिला. आमची कीर्ती पोचलेली दिसते."

कीर्ती पोचलेलीच होती. बाजारातले सगळे दुरुस्तीवाले बाबांना मागून 'जुना पार्ट' म्हणायचे. पंखा असो, मिक्सर असो, शेगडी असो, जो भाग बदलला म्हणून सांगाल तो आधी हातात द्यायचा, मगच पैसे, हा बाबांचा कायदा होता. अर्थात नुसतं मागून भागत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. मेकॅनिकच्या पिशवीत मेलेले पार्ट रग्गड असतात, त्यातला एक काढून तो तुमच्या हातावर टेकवणार. म्हणून घरात नवी वस्तू आली की बाबा पहिल्याच दिवशी तिचं झाकण उघडायचे आणि आतल्या एकेका भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली होती. शिक्का नाही ते वजन नाही, ही त्यांची शिकवण, आणि घरात शिक्का कुठून आणणार, म्हणून आईचं नेलपॉलिश. आई चिडायची. "माझ्या बोटांपेक्षा तुमच्या पंख्यालाच जास्त लागतं," म्हणायची. ती गेल्यावर बाटली संपली तेव्हा बाबा स्वतः दुकानात जाऊन त्याच रंगाची दुसरी घेऊन आले. दुकानदारीण हसली म्हणे. बाबांनी तिच्या तराजूकडे एकदा पाहून घेतलं आणि परत आले.

हे वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी टॉर्च तिनेच धरला होता. पंपाला ठिपका देताना बाबा जमिनीवर आडवे झाले होते आणि उठताना त्यांना तिच्या हाताचा आधार लागला होता.

आणि हा पंप कोरा होता.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. कोट काढायचंही सुचलं नाही. फर्निचरच्या मोठ्या दुकानात ती तक्रारींच्या काउंटरवर होती. दिवसभर माणसं येऊन तिच्यावर ओरडायची: कपाटाचं दार तिरकं, सोफ्याचा रंग वेगळा, घरपोच पोचवायचे पैसे दोनदा कापले. निम्म्या लोकांचं खरं असायचं, पण तिला सगळ्यांना सारखंच हसून "बघते हं" म्हणावं लागायचं. संध्याकाळी घरी येताना कानात नुसता आवाज उरायचा. म्हणूनच सकाळी मेकॅनिक येणार म्हटल्यावर तिने दारातून बाबांना हात जोडले होते.

"बाबा, एक करा. आज भांडू नका. मागच्या वेळी दुरुस्तीच्या दुकानाने मला काउंटरवर फोन केला होता, माझी साहेबीण शेजारी उभी. जे काय म्हणेल ते करू दे त्याला."

बाबा "बरं" म्हणाले होते. त्यांनी बरं म्हटलं याचंच तिला नवल वाटलं होतं, पण बस चुकली असती, म्हणून तिने त्यावर विचार केला नाही.

आता विचार करायला वेळ होता. पण विचार करावा असं काही उरलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात बाबा फसले होते. आज रात्री वीज तोडणार असा मेसेज आला, खाली निळ्या अक्षरांत काहीतरी, आणि बाबांनी ते दाबलं. ज्या माणसाने उभ्या बाजाराला कधी शेंडी लावू दिली नाही, त्याला एका मेसेजने टोपी घातली. खात्यातले पैसे गेले आणि बँकेने हात वर केले. त्यानंतर बाबा दोन दिवस धड बोलले नाहीत आणि दादा मात्र रोज बोलू लागला. दादा दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक संस्था आहे, चांगली, बाग आहे, डॉक्टर येऊन जाऊन असतात. "दिवसभर एकटे असतात गं ते. आज वीज, उद्या आणखी काही. रविवारी येतो, महिनाभर राहून बघू देत." ती प्रत्येक वेळी म्हणायची, एकदा फसला म्हणून माणूस संपत नाही. अजून डोकं जागेवर आहे त्यांचं. अजून ठिपके बघतात. हे शेवटचं वाक्य ती हुकमाचं पान टाकावं तसं टाकायची आणि दादा गप्प व्हायचा.

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं. त्या दाराने वास अडतो, आवाज अडत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण दमलेल्या माणसाला माहीत असलेलं सगळं आठवतंच असं नाही.

"दादा, तू म्हणत होतास ते बरोबर आहे बहुतेक."

"का? काय झालं?"

"काही नाही रे. मेकॅनिक आला होता. आपला पंप घेऊन गेला आणि भलत्याच मशीनचा जुना पंप बाबांच्या हातावर टेकवून गेला. बाबांनी घेतला. पैसेही दिले. ठिपका बघितलासुद्धा नाही."

दादा जिंकल्याचा आवाज काढेल अशी तिला भीती होती, पण तो तसा नव्हता. "तू एकटी तरी किती बघणार," एवढंच म्हणाला.

हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ओट्यावरचं फडकं उगाच घडी घालत ती म्हणाली, "ये रविवारी. मी समजावते त्यांना."

बाहेर आली तेव्हा बाबा कोड्यात डोकं घालून बसलेले होते. पेन्सिल मात्र हलत नव्हती.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"नको. तू बस जरा."

ती बसली नाही. बसली असती तर समजवावं लागलं असतं. दोन दिवसांचे कपडे तुंबले होते, ते उचलून ती न्हाणीघराकडे वळली. मशीनमध्ये कपडे कोंबताना एक मोजा मागे पडला. निघायचं नाव घेईना, तेव्हा गुडघ्यावर बसून तिने मशीन पुढे ओढलं. मागचं झाकण एका बाजूने लोंबत होतं. त्या मेकॅनिक पोराने एक स्क्रू लावलाच नव्हता. पैसे पुरे आणि काम अर्धं, असं म्हणत तिने मोजा शोधायला फोनचा टॉर्च लावला आणि उजेड आत गेला.

आत पंप होता. नवा नव्हता. त्याच्या अंगावर पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर होता आणि त्या थराखाली, पुसट झालेला पण कुणालाही दिसेल असा, लाल ठिपका.

ती तशीच बसून राहिली. मग तिला एकेक कळत गेलं. पंप बदललाच नव्हता. पोराने तो उघडला, साफ केला, तोच परत बसवला, पैसे नव्याचे लावले, आणि पिशवीतला एक मेलेला पंप पुराव्यादाखल देऊन गेला. आणि बाबा इथेच, न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसलेले असणार. ते प्रत्येक दुरुस्तीला बसतात.

मोजा तिथेच टाकून ती बाहेर आली.

"बाबा, आपला पंप आतच आहे."

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळ्यांदेखत केलं त्याने. मला काय धाड भरलीये न दिसायला?"

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी पेन्सिल कोड्यात ठेवून वर्तमानपत्र मिटलं. "तूच म्हणालीस ना, आज भांडू नका."

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. निळं बटण. तिने नकळत स्वतःच्या कोटाची बाही चाचपली. दुकानाच्या गणवेशाचा कोट, बाहीवर तीन निळी बटणं. आता दोनच होती, आणि ती कधीपासून दोन आहेत हे तिला माहीत नव्हतं.

"हे अडकलं होतं पंपात. त्याने काढून कोपऱ्यात भिरकावलं, मी उचललं. एवढंच झालं होतं मशीनला. लावून टाक, नाहीतर तुझी ती साहेबीण बोलेल."

"आल्या आल्या मला सांगायचं नाही का?"

"तू आलीस ती पार गळून आलीस. म्हटलं, जरा टेकू दे, मग सांगू. तर तू फोनवर गेलीस." बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "मग म्हटलं, राहू दे."

राहू दे. दारामागचा एकेक शब्द त्यांनी इथे बसून ऐकला होता, आणि एक वाक्य बोलून तो सगळा डाव मोडता आला असता तेव्हा ते पेन्सिल धरून बसले होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती पुन्हा न्हाणीघरात जाऊन मोजा शोधायला तयार झाली असती.

"असं कसं राहू दे?" तिचा आवाज चढला. "त्याच्यावरून मी दादाला... बाबा, तुम्ही एक शब्द बोलायचात!"

"अगं, तुझंही खरंच होतं. मीही दमलोय भांडून. जन्मभर तेच केलं. म्हटलं, लोक फसतात आणि सुखाने झोपतात, आपणही एकदा जाणूनबुजून फसून बघावं. पदरी पडलं पवित्र झालं म्हणावं आणि गप्प बसावं."

"मग?"

"मग काय! सकाळपासून एक शब्द कोड्यात बसला असेल तर शपथ."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही, आणि दोन्हींना एकदम वाट द्यायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने बटण उचलून मुठीत धरलं.

टेबलावरचा फोन वाजला. दादा होता. बाबा खिडकीबाहेर बघू लागले, बाहेर बघण्यासारखं काहीही नसताना.

"हं, दादा," ती म्हणाली. "नाही, तिकीट नको रद्द करूस. ये ना. पण संस्थेचं राहू दे. माझ्या बघण्यात चूक झाली... ठिपका आहे. जिथे असायला हवा तिथेच आहे... तू आल्यावर सांगते. आत्ता आम्हाला बाहेर जायचंय."

दादा आणखी काही बोलत होता. तिने ऐकून घेतलं, "हो, ते एकटे असतात हे खरंय, त्याचं काहीतरी बघू," म्हणाली आणि फोन ठेवला. त्याचं काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ते उद्याचं होतं.

"बाहेर कुठे जायचंय?" बाबांनी विचारलं.

"मेकॅनिकचं दुकान कधी बंद होतं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "आहे अजून अर्धा-पाऊण तास. पण तू दमलीयेस."

"आहेच. दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. आता जरा मला देऊ दे."

बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. त्यांनी तो उपरा पंप वर्तमानपत्रात गुंडाळला, वर दोरी बांधली, बिलाची घडी घालून खिशात ठेवली. चपला घालताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, पण बोलण्यात आता जुना कडकपणा आला होता.

"आवाज चढवायचा नाही. आधी मशीनमधल्या ठिपक्याचा फोटो काढून घे, बटणाचाही घे. मग बिल दाखवायचं, मग हे पुढ्यात ठेवायचं. तो म्हणेल, बदलून दुसरा जुना पार्ट देतो. घ्यायचा नाही. पैसे मागायचे."

"आणि जुना पार्ट?" फोटो काढून येत तिने विचारलं.

"तो कशाला मागायचा? तो घरातच आहे."

ती दाराला कुलूप लावत होती. किल्ली फिरवता फिरवता थांबली.

"घरातच राहील," ती म्हणाली.

पुडकं काखेत मारून बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि तिने येऊन हात धरायची वाट बघू लागले.