उताणं पिल्लू

प्रतिमानं उंदराचं पिल्लू टेबलावर उताणं ठेवलं आणि घड्याळ लावलं. पिल्लानं पाय झाडले, मान वळवली; पालथं मात्र होईना.

तिची आई इंदुमतीबाई डबा द्यायला जयपूरच्या विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेत आल्या होत्या. नाकाला पदर लावून त्या दारातूनच परतणार होत्या. पण कुतूहल वासाला जुमानत नाही. त्या टेबलापाशी कधी येऊन उभ्या राहिल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

"अगं, ते शेजारचं कसं टुणकन वळलं! हेच का असं?"

"ह्याची आई गाभण असताना आम्ही तिला पाण्यातून औषध दिलं. मतलब, तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली. पोटातल्या पिल्लाचा मेंदू सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर वाढतो. ते कमी पडलं की पिल्लू असं मागं राहतं."

बोलता बोलता प्रतिमा थबकली. तिचा धाकटा भाऊ नंदकिशोर वीस वर्षांचा झाला तरी त्याच्या बुटांच्या नाड्या आईच बांधत असे. तो दोन वर्षांचा असताना आईच्या गळ्याची गाठ लक्षात आली होती आणि थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. हे सगळं आईला कधीच सांगायचं नाही, असं प्रतिमानं ठरवून टाकलं होतं. दोष तुझ्याच शरीरात असेल, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

इंदुमतीबाईंचा हात गळ्याशी गेला.

"म्हणजे त्या आईनं स्वतः काही केलं नव्हतं?"

"नाही. तिला पत्ताही नसेल."

त्या पिल्लावर वाकल्या.

"नंदू पोटात होता ना, तेव्हा पासष्ट सालच्या ग्रहणात मी वांगं चिरलं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या. मी हसले त्यांना."

वीस वर्षं आई हे एकटीनं गिळत होती.

"आई, नंदूचं गळ्यामुळेच झालं, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण वांग्यानं नाही झालं."

"नक्की?"

"नक्की."

संध्याकाळी दोघी मालवीय नगरला घरी पोचल्या. स्वयंपाकघरात गव्हाच्या पिठाचा डबा उपडा करून नंदू सांडलेल्या पिठात बोटानं मोटारी काढत बसला होता. प्रतिमा मुकाट्यानं फडकं आणायला वळली. या घरातली बोलणी आजवर तिच्याच वाट्याची. नंदूला आई कधी ब्रही म्हणत नसे.

"नंद्या! लाज नाही वाटत? ऊठ, भर ते पीठ!"

नंदू आ वासून आईकडे बघत राहिला. मग पिठाच्या हातांनीच त्यानं बहिणीला गदागदा हलवलं. त्याचा चेहरा फुलला होता.

"ताई, आई मला पण रागावली!"