वहिनीच्या गोधडीची मांडणी

माझा दादा फरशी बसवतो. नवी खोली दिसली की दारातूनच एक नजर टाकतो, मधोमध दोरी ताणतो आणि कामाला लागतो. घरमालक नक्षीबद्दल काही सुचवायला लागला की म्हणतो, "तुम्ही चहाचं बघा." असा हा माणूस वहिनीच्या गोधडीचे तुकडे पुढ्यात घेऊन महिनाभर गुडघ्यांवर रांगत होता, आणि मांडणी काही ठरत नव्हती.

गोधडी लेकीसाठी होती. माझी भाची नोकरीमुळे लांब असते. तिला पांघरायला आपल्या हातचं काहीतरी असावं, एवढी एकच इच्छा वहिनीला उरली होती. आता औषधांचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन तिने कपाट उघडलं. पोरीचे लहानपणचे फ्रॉक, स्वतःचे ब्लाउज, दादाचे सिमेंटने कडक झालेले सदरे, सगळ्यांचे सारखे चौकोन कापले आणि म्हणाली, "एवढी गोधडी झाली की मी सुटले." तिची बोलायची पद्धतच तशी. भांडी घासून झाली तरी ती सुटायची. दादाच्या डोक्यात मात्र ते वाक्य जाऊन बसलं.

त्याने टेबल बाहेर काढलं आणि पलंगासमोर तुकडे मांडले. त्याच्या धंद्यात नक्षी आधी कोरडी मांडून बघतात, पटली की मगच सिमेंट लावतात. ते ठीक आहे. पण फरशी जड असते, ती कुणी रोज हलवत बसत नाही. हे पडले चिंध्यांचे तुकडे. वहिनी पलंगावरून म्हणायची, "छान दिसतंय की. द्या इकडे, टाके घालायला घेते." दादा म्हणायचा, "कोपऱ्यात दोन लाल शेजारी आलेत. उद्या बघू." तिचा डोळा लागला की सगळं मोडून नव्याने मांडायचा. कधी फुलाफुलांचे मध्ये, कधी कडेला. तोवर वहिनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली, आणि पुढे तो मलाच धरावा लागला.

राग माझ्या नाकावर असतो. एका दुपारी ती झोपल्यावर मी दादाला स्वयंपाकघरात ओढलं.

"लोकांचे दिवाणखाने उभ्या उभ्या ठरवतोस. बायकोच्या गोधडीपाशीच तुझं घोडं का अडलंय?"

तो ओट्यावरच्या कपबशा एका ओळीत लावू लागला.

"मांडणी ठरली की ती शिवणार," तो म्हणाला. "शिवून झाली की मग ती कशासाठी थांबेल?"

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. माझं डोकंच फिरलं.

"अरे शहाण्या, आजार काय तुझ्या गोधडीची वाट बघत बसलाय? तिच्या हातात उरलेली ताकद तू तुकडे हलवण्यात घालवतोयस. उद्या तिला सुई धरता आली नाही तर पोरीला काय देणार, फरशी?"

बोलून गेले खरी, पण मग त्याचं तोंड बघवेना. तो बाहेर जाऊन गुडघे टेकून बसला. माझा चहा उकळेपर्यंत मांडणी झाली होती. गडद तुकडे कडेने, फिके आत, मधोमध पोरीचा निळा फ्रॉक. एकही रंग शेजाऱ्याशी भांडत नव्हता. ही मांडणी पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात तयार होती, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी जागी झाली आणि बराच वेळ बघत राहिली. "हेच. आता हात लावू नका," म्हणाली. दादा दूध आणायच्या निमित्ताने खाली गेला. पहिला टाका त्याला बघवला नसता.

मी सुई ओवून दिली, कडेचे दोन तुकडे जुळवून तिच्या हातात ठेवले. सुई गादीवर पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. मग तिने ती घट्ट धरली आणि जोर लावला. सुई कापडातून पार होऊन तिच्याच बोटात रुतली, तरी ती ढकलत राहिली. औषधांनी बोटं बधिर झाली होती, तिला कळलंच नाही. मी हात धरला तेव्हा तिने त्या बोटाकडे परक्याचं असल्यासारखं पाहिलं.

"मी शिवते वहिनी. तू नुसती सांग."

"तुझ्या हातची काय, तिला कधीही मिळेल," ती म्हणाली. रागाने नाही. जिन्यावर पावलं वाजली तसं तिने बोट मुठीत घेतलं. "ह्यांना सांगू नकोस. आपल्यामुळे उशीर झाला म्हणून जन्मभर मनाला लावून घेतील."

दादा दारात उभा राहिला. "केलंस सुरू?"

"कुठलं सुरू," वहिनी म्हणाली. "तो निळा मध्ये बरा नाही दिसत. परत एकदा बघा ना."

दादाची नजर तिच्या मुठीवर गेली, चादरीवरच्या लाल ठिपक्यावर गेली, मग माझ्याकडे वळली. एरवी माझं तोंड बंद होत नाही. मी खाली बघितलं.

"खरंच की," तो म्हणाला. दुधाची पिशवी माझ्या हातात देऊन फरशीवर बसला आणि निळा तुकडा कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"इथे?"

"अंहं. जरा वर."

त्यानंतर ती रोज त्याला मांडणी बदलायला लावायची, आणि तो बदलायचा. दोघं एकमेकांना फसवत होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मी चहा करत राहिले, दुसरं माझ्याने काही झालं नाही.

एका सकाळी त्याने नेहमीसारखा तुकडा ठेवला आणि विचारलं, "इथे?" उत्तर आलं नाही. त्याने मान वर केली नाही. तुकडा थोडा वर सरकवला आणि पुन्हा विचारलं.