शेजारच्या वेढ्यावर उमटलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. चकरीवर गुंडाळलेली, तपकिरी, कागदाहून पातळ. माझ्यात एक माणूस बोलतो. तो केव्हाच देवाघरी गेला, पण मला यंत्रावर चढवलं की अजून घसा खाकरतो, पाणी मागतो. दुसऱ्याचा श्वास असा अंगात घेऊन कपाटात पडून राहणं फार जड असतं.

प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चढवून मला घडवलं. माझ्या स्वच्छ आवाजाचं तेव्हा कौतुक होई. मग एका रंगाच्या कारखान्याला आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आतली माणसं आतच राहिली. चौकशीत रखवालदाराला माझ्यापुढे बसवलं.

"कुलूप तुम्ही लावलंत?" साहेबांनी विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हो."

माझ्यावरून जबानी टंकून घेतली. फक्त प्रश्न आणि उत्तरं टंकायची, न विचारता बोललेलं सोडून द्यायचं, अशी तिथली रीत होती. पुढे सगळ्यांनी ते कागदच वाचले. अभिलेखागारातल्या एक बाई तेवढ्या नेमाने दरवर्षी मला उलगडून पुन्हा गुंडाळत. त्या निवृत्त झाल्या आणि तो नेम मोडला. वेढ्याला वेढा चिकटून राहिला, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटू लागला. माझी शांतताही शांत राहिली नाही.

परवा एक कॉलेजातली पोर आली. इतिहासाचा निबंध होता, आणि सरांनी बजावलं होतं, "पुस्तकातलं उतरवू नका, मूळ साधन गाठा." तो रखवालदार तिच्या आजीचा बाप. आजीने आयुष्यभर त्याचं नाव घरात काढलं नव्हतं.

अभिलेखागारातल्या नव्या बाईंनी मला यंत्रावर चढवलं आणि ती ऐकू लागली. 'हो'च्या आधीच्या शांततेत तिला एक पुसट 'हो' ऐकू आला, आणि ती ताडकन उठली.

"बाई! त्यांना कुणीतरी पढवतंय!" लगेच तिने फोन लावला. "आजी, त्यांनी आपण होऊन कबूल नाही केलं गं!"

पलीकडे आजी रडत असावी.

"थांब बाळा, एवढ्यात नाचू नकोस," नव्या बाई म्हणाल्या. त्यांनी मला मागे नेलं. "ऐक. पाणी मागायच्या आधीही 'पाणी' ऐकू येतंय. तेही कुणी पढवलं का? हा त्यांचाच आवाज आहे. आम्ही फीत फिरवली नाही, त्याचं हे फळ."

पोरीचा चेहरा उतरला. "आता आजीला कोणत्या तोंडाने सांगू?"

"तिलाच ऐकू दे की. बाप तिचा आहे."

दुसऱ्या दिवशी आजी आली. देवापुढे बसावं तशी यंत्रापुढे बसली. 'हो' आला, तिने डोळे मिटले. बाई मला थांबवायला गेल्या, तर तिने त्यांचा हात धरला. 'हो'च्या पुढे तो हळू आवाजात बोलत होता, जे कुणी विचारलंच नव्हतं.

"चोऱ्या होतात म्हणून मालक रोज कुलूप लावायला सांगायचे. पण किल्ली माझ्याकडे होती, साहेब. मी धावलो. धुरात कुलपाचं भोकच सापडेना. आतून दार वाजवत होते..."

आजीने बाईंचा हात सोडला.

"लावलं होतंच म्हणायचं बाबांनी," ती म्हणाली. "आणि धावलेही. दोन्ही लिही गं. माझ्या मायेपोटी एक अक्षर गाळू नकोस."

पोरीने तसंच लिहिलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या साधनांना अधूनमधून हातात घ्या, ऊन-ओलीपासून जपा. आमच्या तोंडी तुमच्या मनातलं घालू नका. आणि हवं ते उत्तर मिळालं म्हणून लगेच उठून जाऊ नका. माझ्यात तो माणूस अजून धुरात कुलूप चाचपडतो आहे. त्याचं बोलणं संपेपर्यंत तरी त्याच्याजवळ बसा.