अंगाने ठेवलेली ओळख

माझ्या थोरल्या नातीचं, भाविकाचं, लग्न आटगावला झालं तो दोन हजार तेवीस सालचा माघ महिना. धाकटी नात हर्षाली तेव्हा शहापूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. लग्नाचा मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पाठांतराला बसली.

आमचा पाडा खर्डीजवळ. मी पन्नाशी ओलांडल्यावर अक्षरं शिकले, त्यामुळे सावकाश वाचते. हर्षाली ओट्यावर बसून धडा म्हणायची आणि मी तिची वही मांडीवर घेऊन ओळीवर बोट फिरवत तपासायची. तिने इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहून ठेवले होते, म्हणून जमायचं.

"एक सोडलंस," मी म्हणायची. "प्लीहा."

"आजी, तूच बस परीक्षेला. मी भात रांधते."

"तू रांधलेला भात खाऊन मग दवाखान्यातच जायला लागंल."

मी तिला मधेच थांबवून विचारायची. पेशी म्हणजे केवढी? ती म्हणाली, तांदळाच्या एका कणीवर हजारो बसतील. त्यातल्या एकेकीला भोवती पातळ पडदा आहे, आत चूल आहे, बाहेरचं काय आत घ्यायचं आणि काय नाही ते तिचं तिला कळतं. रक्तातली लाल पेशी एकशेवीस दिवस जगते. मी बोटांवर मोजलं. पेरल्यापासून कापणीपर्यंत आमचं निमगरवं भात तेवढेच दिवस घेतं. आणि मेलेल्यांच्या जागी हाडांच्या पोकळीत नव्या तयार होतात, एका सेकंदाला वीस लाखांहून जास्त.

"मी झोपलेली असते तेव्हा पण?"

"झोपतेस तेव्हा पण. भांडतेस तेव्हा पण."

"आणि मला कोण विचारत नाय."

"तुला विचारत बसल्या असत्या तर तू लहानपणीच गेली असतीस."

मग तिने गोवराचं सांगितलं. मला आणि माझ्या भावाला, मंगळूदादाला, एकदमच गोवर आला होता. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. हर्षाली म्हणाली की त्या गोवराची ओळख ठेवणाऱ्या पेशी माझ्या अंगात अजून आहेत, आज गोवर आला तर त्या लगेच उठतील. मी वही मिटून बसले. माझ्या आईचा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही. आणि अंगाने गोवर साठ वर्षं जपून ठेवला होता, मला न सांगता.

शिमग्याला आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो. शहापूरहून किन्हवलीच्या वाटेने एसटीने मुरबाड, तिथून जीपने घाटाच्या पायथ्यापर्यंत. मंगळूदादा तिथे पंढरीजवळ, म्हणजे त्याच्या मुलाजवळ राहायचा. पंढरी वडापची जीप चालवतो. दादा बाहत्तर वर्षांचा. आमच्या माहेरच्या पाड्यावर कड्यावरचं आग्या मोहोळ उतरवणारा तो शेवटचा माणूस. ओल्या गवताचा धूर करायचा, वेलीच्या शिडीवरून उतरायचं, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि पिलांचा भाग माश्यांना ठेवायचा. पहिल्या मधाचा द्रोण वाघदेवाला. गेली तीन वर्षं मात्र गुडघ्यामुळे तो कड्यावर गेला नव्हता. वाघदेवाला तीन वर्षं दुकानातला मध चढला होता आणि ते दादाला फार लागलं होतं. गुडघा आता बरा होता.

त्याची एक रीत होती. वडिलांकडून आलेली. फाल्गुनात, हंगामाच्या आधी, पाणवठ्यावर आलेल्या आग्या माश्या पंखाला धरायच्या आणि आपल्याच हातावर तीन डंख घ्यायचे. याला तो अंगाला ओळख देणं म्हणायचा. ओळख दिली की कड्यावर वीस चावल्या तरी अंग घाबरत नाही. मी लहानपणापासून बघत आले होते. हात जरा सुजायचा, बस.

धुळवडीच्या सकाळी तो गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीजवळ बसला आणि त्याने ओळख घेतली.

"तीन वर्षांनी भेटतायत," तो हर्षालीला म्हणाला. "रुसल्या असतील."

चहा पिऊन होईपर्यंत त्याचे तळहात खाजायला लागले. मग मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले. तो काहीतरी म्हणाला पण आवाज त्याचा नव्हता, घशात कुणी कापूस भरल्यासारखा. उठायला गेला आणि खाली बसला. तोंड राखेच्या रंगाचं झालं.

पंढरीने त्याला काखेत धरून बसवलं. कुणी चुना आणायला धावलं.

"काका, बसवू नका. आडवं करा," हर्षाली म्हणाली. ती इतकी हळू बोलली की सगळे गप्प झाले. तिने दादाला आडवं केलं, पाय भाताच्या पोत्यावर ठेवले. "पाणी देऊ नका. जीप काढा. पायांकडची बाजू उंचच राहू दे."

"विष चढलं काय गो?" पंढरीने विचारलं.

"विष एवढंसंच हाय. हे त्यांचं स्वतःचं अंग करतंय."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक शब्द न विचारता मांडीत सुई मारली. औषध किती, तर चमच्याचा जेमतेम दहावा भाग. मी दादाचं तोंड बघत होते. आधी ओठांवर रंग आला, मग कानांवर. छातीतली शिट्टी कमी झाली. मी पुष्कळ माणसं जाताना बघितली आहेत, पण त्या वाटेवरून असं माघारी आलेलं माणूस तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दादाने डोळे उघडले. "माझी चप्पल कुठाय?"

"डोणीजवळ राहिली," मी म्हणाले.

"कुत्रा नेईल ती."

डॉक्टर हसले. मला म्हणाले, हे औषध म्हणजे नवं काही नाही. वाघ समोर आला की मूत्रपिंडावरच्या दोन गाठी हेच रक्तात सोडतात. भीती वाटली की छाती धडधडते ना, तेच. म्हणजे भीतीने माझा भाऊ परत आणला होता. त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानेही सांगितलं: पुन्हा माशी चावू द्यायची नाही, एकसुद्धा. कडा बंद.

त्यांनी दादाला एक दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बाजेवर बसून त्याने हर्षालीला धरलं.

"साठ वर्षं चावल्या. साठ वर्षांत काय नाय झालं. आताच का?"

हर्षालीने पोरांची गलोल उचलली आणि तिचं बेचकं त्याच्या हातात दिलं. म्हणाली, रक्तात अशाच आकाराची बारीक बेचकी असतात. अंग ती तयार करतं. एक बेचकं एकच गोष्ट ओळखतं, दुसरी नाही. माशीच्या विषाची बेचकी तुमच्या अंगात दोन जातींची आहेत. एक जात रक्तात फिरते आणि विष आलं की पुढे होऊन धरते, दंगा न करता. दुसरी जात कातडीखाली, ओठात, घशात बसलेल्या पेशींवर रोवलेली असते. त्या पेशींच्या पोटात रसायनांच्या पिशव्या भरलेल्या असतात. विषाने तिथलं बेचकं हलवलं की सगळ्या पिशव्या एकदम फुटतात. सूज, गांधी, दम, सगळं त्यातून.

"दरवर्षी चावून घेत होतात तोपर्यंत पहिली जात भरपूर होती. तीन वर्षांत ती कमी झाली. दुसरी बसून राहिली. असं आमच्या मॅडमनी शिकवलंय."

दादा बेचकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी अंग इसरलं नाय. अर्धंच इसरलं."

"तसं समजा."

"मग त्याला परत शिकवायचं. तीन एकदम घेतल्या ती चूक. आधी एक. थोड्या दिवसांनी परत एक. हळूहळू वाढवायचं. पहिली जात परत येल."

हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आजोबा, मोठ्या दवाखान्यात अगदी हेच करतात. माशीचं विष सुईतून देतात, आधी अगदी कणभर, मग वाढवत नेतात."

"बघ," दादा मला म्हणाला. "मी शाळेत नाय गेलो म्हणून."

"पण तिथे डॉक्टर जवळ बसलेले असतात," ती घाईने म्हणाली. "भरलेली सुई हाताशी असते. आणि त्यांचा कण म्हणजे एका डंखापेक्षा शेकडो पटींनी कमी. घरी करायचं नाय. माझी परीक्षा होऊ दे, मी तुम्हाला मुंबईला नेते, विचारू तिथे."

"ने गो. मी कुठं पळतोय?"

तो हो म्हणाला. पण मी त्याची बहीण. त्याने तिचं बोलणं कुठपर्यंत ऐकलं ते मला कळलं होतं. हसूपर्यंत.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. "भिमे, एक घेतली. काय नाय झालं. हात पण सुजला नाय."

मी घाबरले, ओरडले त्याच्यावर. पण फोन ठेवल्यावर मी ओट्यावर बसून राहिले आणि मला वाटलं, अंग खरंच शिकतंय. माझंही मन त्या बेचक्यांत गुंतलं होतं. हर्षालीची परीक्षा तोंडावर आली होती. मी तिला सांगितलं नाही.

मार्च संपताना पुन्हा फोन. दुसरी घेतली, थोडी खाज आली आणि गेली. "कड्यावर पोळी भरलीत," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत वर जातो. वाघदेवाला आपला मध."

या वेळी मी हर्षालीला सांगितलं. ती वही टाकून उठली, तिथूनच त्याला फोन लावला. रडली, रागावली. तो तिला हसवत राहिला. शेवटी शब्द दिला की तिची परीक्षा होईपर्यंत माशीला हात लावणार नाही. तिचा शेवटचा पेपर सोमवारी होता, सतरा एप्रिलला. मंगळवारी मुंबईला जायचं ठरलं. तिने पंढरीलाही बजावलं.

शनिवारी सकाळी पंढरी भाडं घेऊन सरळगावला गेला होता. दादा डोणीजवळ गेला. शेजारच्या बाईने त्याला बसलेला पाहिला तेव्हा तो पाण्यात हात बुडवून होता. भाकरी थापून ती परत बाहेर आली तेव्हा तो आडवा होता. हातावर एकच डंख. जीप परत यायला पाऊण तास लागला.

हर्षालीने सोमवारचा पेपर दिला. दहाव्यानंतर ती मॅडमना भेटून आली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"मी हसले, आजी. म्हणून त्यांना खरं वाटलं."

"मला पण खरं वाटलं. पहिल्या फोनचं मी तुला सांगितलं नाय."

मग तिने मॅडमचं म्हणणं सांगितलं. धुळवडीला त्या पेशींच्या पिशव्या एकदम रिकाम्या झाल्या होत्या. त्या पुन्हा भरायला काही आठवडे जातात. तोवर माशी चावली तरी फुटायला फारसं काही नसतं. दादाने पहिला डंख घेतला तेव्हा अंग शिकलेलं नव्हतं, नुसतं रिकामं होतं. दुसऱ्या वेळी अर्धंमुर्धं भरलं होतं, म्हणून थोडी खाज. बहुतेक असंच झालं असावं, मॅडम म्हणाल्या.

मी तिची वही मागितली. त्या पेशीचं चित्र तिने निळ्या शाईने काढलं होतं. गोल, आत ठिपके ठिपके, वर चहूबाजूंनी बेचकी. मी बोट ठेवून एकेक ठिपका बघितला. माझा भाऊ बाजेवर बसून कड्याकडे बघत होता, मला फोन करत होता, नातीला हसवत होता, आणि त्याच्या कातडीखाली हे ठिपके पुन्हा भरत होते, एक एक करून. अंगाने कुचराई केली नाही. त्याला जे राखायला दिलं होतं ते त्याने राखलं, त्याच्या धन्याला न विचारता. मला त्याचा राग करता येईना. असं काही माझ्याही आत आहे, हे लिहीत असताना आहे, वाचणाऱ्याच्याही आत आहे. त्यापुढे मी हात जोडले, आणि भावासाठी रडले, दोन्ही एकाच वेळी.

हर्षाली पुढच्या वर्षाला गेली. कड्यावरची पोळी त्या वर्षी कुणी उतरवली नाहीत.

माझा मोठा भाऊ मंगळू शनिवार, पंधरा एप्रिल दोन हजार तेवीस रोजी, सकाळी दहाच्या सुमारास, आमच्या माहेरच्या पाड्यावर एका आग्या माशीच्या डंखाने वारला.