अर्धा सेंटीमीटर कमी

मित्रांनो, माझ्या शून्यावर विश्वास ठेवू नका. मी एक जुनी सागवानी मोजपट्टी आहे. शंभरपर्यंतचे आकडे माझ्या अंगावर आहेत, पण सुरुवातीचे टोक झिजून अर्धा सेंटीमीटर कधीच नाहीसा झाला आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. माझ्या सुतार मालकांनी एका दाराच्या उरलेल्या फळीतून मला काढले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि एकेक रेघ तापल्या सुईने डागली. "ही वाकायची नाही," असे ते आल्यागेल्याला सांगत. पुढे कौतुक ओसरले. माझ्याच टोकाने त्यांनी भुसा लोटला, रंग ढवळला, खिडकीला टेकू दिला. टोक झिजल्यावर त्यांनी एक रीत काढली. एकच्या रेघेपासून मोजायचे आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. माझी लाज झाकली गेली आणि कामेही चोख होत राहिली.

मालकांची थोरली बहीण रोज दुपारी कारखान्यात चहाला येई. तिने चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते. चहा निवेपर्यंत दोघांचा वाद पेटलेला असे.

"संख्या आपण बनवल्या नाहीत रे, त्या आपल्याला सापडल्या," ताई म्हणायची.

"लाकूड मोजत नाही, ताई. माणूस मोजतो. माणूस गेला की तुझे आकडेही गेले."

"आणि दोन झाडांशेजारी आणखी दोन उभी असली तर? चारच ना?"

"चार म्हणायला उरलंय कोण?"

मी खुंटीवरून ऐकत असे. मला दोघांचेही पटे. माझा स्वभावच तसा, मध्ये राहण्याचा.

एकदा वाचनालयाच्या खिडकीचे काम आले. रंगीत काच आधीच तयार होऊन आली होती, साठ बाय ऐंशी. ती बनवणारा म्हातारा कारागीर आता हयात नव्हता. फुटली असती तर दुसरी मिळाली नसती. एरवी मालक चौकटीचे दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरपी अंतरे, दोरीने ताडून पाहत. ती सारखी आली की कोपरे काटकोनात आहेत असे समजायचे. या वेळी ताई म्हणाली, "साठ आणि ऐंशीला कर्ण शंभरच येतो. एक मोजलास की पुरे."

मालकांनी तिचा शब्द मानला. सरस लावून सांधे बसवले, माझ्यावर शंभर पाहिले आणि हुश्श केले. मग काच ठेवायला गेले, तर ती एका कोपऱ्यावर अडून बसली.

"साठ बरोबर, ऐंशी बरोबर, शंभर बरोबर. आणि काच बसत नाही!" मालक कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंस गं? कागदावर खरं, जगात खोटं?"

ताईचा चेहरा उतरला. तिने कप खाली ठेवला. सरस घट्ट व्हायला अर्धा तास उरला होता. त्यानंतर चौकट मोडावीच लागली असती. पण मला वाटते, तिला चौकटीपेक्षा तो प्रश्न अधिक लागला.

मग ती म्हणाली, "साठ आणि ऐंशी एकपासून मोजलेस ना? मग शंभर कुठून मोजलेस?"

"टोकापासून. एकपासून धरली तर पट्टी पुरते कुठे..." मालक मध्येच थांबले.

ताईने माझे झिजलेले टोक बोटाने चाचपले. पाठकोऱ्या कागदावर तिने चार ओळींचे गणित मांडले. मग चौकटीकडे न पाहताच ती बोलली, "तुझा कर्ण साडेनव्याण्णव आहे. चौकट कलली की एक कर्ण जेवढा आखडतो, जवळपास तेवढाच दुसरा लांबतो. म्हणजे दुसरा साडेशंभर. पट्टी लाव. ती संपेल आणि पुढे एक सेंटीमीटर उघडा राहील."

"मोजल्याशिवाय सांगतेस?"

"लाव तर खरं."

मालकांनी मला दुसऱ्या कर्णावर टेकवले. माझा शंभर संपला. पुढे फट उरली. त्यांनी गुपचूप मला उलटी करून एक आणि दोनच्या रेघा त्या फटीशी धरल्या. बरोबर एक सेंटीमीटर!

"च्यायला," मालक म्हणाले, आणि हसत सुटले. "कागदाला लाकूड दिसतं गं!"

"पण झीज दिसत नाही," ताई डोळे पुसत म्हणाली. "ती तुझ्या पट्टीनं दाखवली."

दोघांनी मिळून लांब कर्णावर लाकूड दाबून धरणारा शिकंजा आवळला. अर्धा फेरा, पाव फेरा. दोरीने दोन्ही कर्ण सारखे आले. काच आत गेली आणि 'टक्' असा आवाज झाला. खिडकी न्यायला आलेल्या ग्रंथपाल बाईंना दारातच भावाबहिणींनी टाळ्या वाजवून घाबरवले.

वाद काही मिटला नाही. दुसऱ्याच दुपारी तो पुन्हा सुरू झाला. पण त्याआधी मालकांनी माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले, 'टोकाशी अर्धा कमी'. आता कारखान्यात पोलादी टेप आहे, तरी मी दाराशी मानाच्या खुंटीवर आहे.

मित्रांनो, मोजायच्या वस्तूंना जपा. त्यांनी रंग ढवळू नका. आणि त्या झिजल्याच तर लपवू नका; किती झिजल्या ते त्यांच्या पाठीवर लिहून ठेवा. ज्याची चूक नेमकी ठाऊक आहे, त्याच्याकडूनही खरे मोजता येते. जग आकड्यांचे आहे की आकडे माणसाचे, हे मला अजून कळलेले नाही. एवढे मात्र सांगते, तो 'टक्' आवाज झाला तेव्हा मी पुरी शंभर होते.