रुखमाबाईंच्या डोक्यामागून

अहो, इकडे! समोरून नाही, मागून बघा. रुखमाबाईंच्या अंबाड्याच्या वर, रबरी पट्ट्यानं आवळून बसलेला तो मीच. पाण्यात घालायचा चष्मा बोलतोय मी. पाण्यातला चष्मा मोहाच्या झाडाखाली काय करतोय म्हणून हसू येतंय ना? खुशाल हसा. इथं पहिल्यांदा आलो तेव्हा मला रडू कोसळलं होतं, आता मीही हसतो.

माझा जन्म कारखान्यातला. जाड काच, नाकावरही बसेल असं मऊ रबर, मागे घट्ट पट्टा. साच्यातून निघाल्यापासून आमच्या रांगेत एकच गप्पा, कोण कुठल्या समुद्रात जाणार. कोणी म्हणे अंदमान, कोणी म्हणे मालदीव. मी नाक वर करून सांगून टाकलं होतं, "आपण तर बुवा कॅरिबियनमध्येच भिजणार!"

आणि खोकं उघडलं कुठे? ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात. समोर रिकाम्या पडलेल्या धानाच्या बांध्या, अंगणात वाळत घातलेली मोहफुलं आणि माझ्याकडे मान वाकडी करून बघणारी एक कोंबडी. समुद्राचा पत्ता नाही. गावाची बोडी, म्हणजे तळं होतं, पण चैत्रात त्यात म्हशीचं पोटसुद्धा भिजत नव्हतं. कपाळ फुटलं माझं!

मला पाठवलं होतं मयुरीनं. ही रुखमाबाई आणि गुणवंतरावांची एकुलती एक लेक. गुणवंतराव ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन गावी आलेले. मयुरी तिथल्याच कॉलनीत वाढली, हॉटेलचा कोर्स केला, आणि आता कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावर पाव-केक भाजते. जहाज भर समुद्रात असलं की फोन लागत नाही. मी पोचलो तेव्हा नेमका तो लागत नव्हता, म्हणून मी कोण आणि कशाला आलो हे सांगायला कोणीच नव्हतं.

आता या भागातली एक रीत सांगतो. वाघ माणसावर येतो तो मागून. म्हणून मोह वेचायला वाकणाऱ्या बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात. वाघाला वाटावं, हा माणूस तर आपल्याकडेच बघतोय! तेव्हा दोन डोळ्यांचा, पट्टा असलेला मी हातात आल्यावर रुखमाबाईंना दुसरं काय वाटणार?

"पाह्य वो सोमारी, पोरीनं काय धाडलं!" त्यांनी मला डोक्यामागे चढवून मैत्रिणीला दाखवलं. "वनखात्याचा मुखवटा भिजला का गेला. हा पक्का हाय."

सोमारीबाईंनी मला बोटानं टिचकी मारून पाहिली. "पण याले नाक हाय अन् तोंड काऊन नाई वो?"

"वाघासंगं कुठी बोलायचं हाय आपल्याले?"

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जंगलात. रुखमाबाई पुढे बघत फुलं वेचत होत्या आणि कॅरिबियनचं स्वप्न बघणारा मी मागे बघत थरथरत होतो. तिथंच एक गोष्ट ऐकली. थोड्या थोड्या वेळानं एकजण हाक द्यायची, "ओ सोमारीऽऽ!" आणि तिकडून लगेच "ओऽऽ!" यायचं. ओ आली नाही, तर सगळ्याजणी टोपल्या टाकून धावत सुटणार. एकटी कोणीच नाही. मला ते फार आवडलं, भीती जरा कमी झाली.

दोन दिवसांनी मयुरीचा व्हिडिओ कॉल आला. रुखमाबाईंनी मोठ्या कौतुकानं पाठ फिरवून मला दाखवलं. पोरगी हसून हसून लाल झाली. "अगं आई, तो पाण्यात घालायचा चष्मा आहे! समोर, डोळ्यांवर!"

मग हसणं थांबवून तिनं मुद्द्याचं सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना जहाजावर येता येतं. धानाची मळणी उरकली की दोघांनी यायचं, आणि तिथं आईनं तिच्यासोबत एक बुडी मारायची. पाठीवर हवेची टाकी घेऊन, समुद्राच्या आत.

ही हौस नव्हती बरं. गोष्ट अशी, की लेक पाण्यावर राहते म्हणून रुखमाबाईंना झोप नव्हती. टीव्हीवर कुठंही वादळ दिसलं, मग ते ओडिशात का असेना, त्यांचा घास अडायचा. मयुरीचा करार मळणीच्या सुमारास संपणार होता आणि पुढच्या करारात तिला भट्टीवरची मुख्य जागा मिळणार होती. रुखमाबाईंनी साफ सांगितलं होतं, "पुरे झालं आता, घरी ये."

"एकदा येऊन बघ," मयुरी म्हणाली. "माझं पाणी आतून बघ. तरीही नको म्हणालीस, तर तुमच्यासोबतच परत येईन. शब्द देते."

ऐकलंत? पोरीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या काचेवर येऊन बसलं. मी तर तेव्हापासून अंगावर धूळही बसू दिली नाही.

बुडी एकच, आणि जहाज तीन बेटांवर थांबणार. कुठे उतरायचं? यावर आमच्या ओसरीवर जी सभा बसली, विचारू नका! गुणवंतरावांनी सुनिलला बोलावलं. हा त्यांचा पुतण्या, ताडोब्यात पर्यटकांना वाघ दाखवायला जिप्सी चालवतो. चंद्रपूरकडच्या माणसाला फिरायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोणत्या गेटनं जायचं आणि काल काय दिसलं?

सुनिलनं मोबाईलवर फोटो उघडले. "काका, हे कोझुमेल. इथी पाण्याले धार हाय, पोहायची गरजच नाई. जिप्सीत बसल्यावानी आपोआप पुढं जाते माणूस. हे ग्रँड केमन, इथी पाण्याखाली अख्खं जहाज बुडून हाय. अन् हे रोआतान, किनाऱ्याजवळच उथळ पाणी, पोवळ्याचे खडक, रंगीत मासे."

"शार्क कुठी दिसन?" गुणवंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"शार्कची गॅरंटी नाई देत कोणी. पण बुडालेलं जहाज तर कुठी पळून जात नाई ना? सायटिंग पक्की!"

"मग तेच. रोआतानात काय दिसन? नुसते चितळं!"

आणि या दोघांनी काय करावं? गेट फुल होतं या धास्तीनं, कोणालाही न विचारता, तिथल्या तिथं मोबाईलवर बुडालेल्या जहाजाची जागा पक्की करून टाकली. वर गुणवंतरावांनी आत आवाज दिला, "चहा ठेव वो, काम फत्ते झालं!"

रुखमाबाई बाहेर आल्या. फोटो पाहिला. गंजलेलं काळं जहाज, खिडक्यांतून मासे आत-बाहेर करताहेत. त्यांचा चेहराच उतरला.

"माही पोरगी जहाजावर राह्यते, अन् तुमी मले बुडालेलं जहाज दाखवून राह्यले?"

सुनिल मोबाईल खिशात घालून चपला शोधू लागला.

"मी नाई येत," रुखमाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा कोणालाच मिळाला नाही.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मी खुंटीवर लटकून देवाचा धावा करत होतो, की आता ही बाई जातच नाही आणि पोरीचा शब्द पोरीच्याच गळ्याशी येतो. शेवटी गुणवंतरावांनी स्वतःच मयुरीला फोन लावला. "बाई, चुकलं आमचं. तुझी आई काही बोलून नाई राह्यली. तूच पाह्य."

मयुरीनं ते बुकिंग आधी रद्द केलं. मग आईला विचारलं, "तुला कसली जागा हवी, ते तर कोणी विचारलंच नाही. सांग."

रुखमाबाईंना विचार करावा लागला नाही. "मले काय दिसन ते नाई पाह्यचं. पाण्यात हाक कशी द्यायची, ते सांग. जिथी हाक पोचते, तिथीच उतरीन मी."

मयुरीनं कॅमेऱ्यासमोर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जुळवून गोल केला. "ही हाक. म्हणजे, बरी आहेस ना? आणि समोरच्यानं असाच गोल परत दाखवायचा, ती ओ. पण पाणी स्वच्छ आणि संथ हवं, दोघी एकमेकींना दिसायला हव्यात. रोआतान, आई. तिथं पाय खालच्या वाळूला टेकतात."

"मग चितळंच पाहू," गुणवंतराव मागून हळूच म्हणाले, आणि रुखमाबाईंना हसू फुटलं.

मळणीपर्यंत गावभर गोलच गोल! सोमारीबाई बांधावरून गोल दाखवायच्या, रुखमाबाई परत गोल दाखवायच्या. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी रुखमाबाईंना तपासून लगेच होकार दिला आणि गुणवंतरावांचं ब्लडप्रेशर बघून मान हलवली. "तुम्ही बोटीत बसा भाऊ." गुणवंतरावांनी तोंड पाडलं खरं, पण मला विचाराल तर त्यांना हायसंच वाटलं होतं. शार्कचं नाव काढणं वेगळं आणि शार्क बघणं वेगळं.

आणि मग, मंडळी, तो दिवस उजाडला. रोआतानचा किनारा, हिरवं-निळं पाणी, मी चकाकून तयार. रुखमाबाईंनी नेहमीच्या हातानं मला उचललं आणि सरळ डोक्यामागे चढवलं! मी शरमेनं मेलो. पण तिथला पाणबुड्या शिक्षक अंगठा दाखवून हसला. मयुरीनं सांगितलं, पाण्यात उतरेपर्यंत चष्मा हरवू नये म्हणून पुष्कळजण तो असाच मागे फिरवून ठेवतात. रुखमाबाईंनी बोटीतल्या नवऱ्याकडे अशी नजर टाकली की काय सांगू.

मग माझी अवहेलना. मला समोर घेऊन मयुरी म्हणाली, "आई, आता यात थुंक."

"काय?"

"थुंक लावून धुतलं की काचेवर वाफ धरत नाही."

"इतक्या दुरून आणलेल्या वस्तूवर थुंकू?" रुखमाबाईंनी आधी मला हात जोडले आणि मग थुंकल्या. नमस्कार करून ज्यावर थुंकलं, असा जगातला पहिला चष्मा मीच असेन.

आम्ही खाली गेलो. अहाहा! ज्यासाठी जन्मलो ते हेच. पिवळे मासे, जांभळी पंख्यासारखी पोवळी, आणि एक पोपटी मासा चक्क खडक कुरतडत होता, कुरुमकुरुम आवाज येत होता. मयुरी समोर होती. गोल दाखवला, गोल आला. रुखमाबाईंचे डोळे माझ्यामागे लहान पोरीसारखे मोठे झाले होते. त्या त्या माशामागे जरा वळल्या, आणि परत बघितलं तर समोर मयुरी नाही.

आता माझा दोष म्हणा, की मला फक्त समोरचं दिसतं. बाजूचं काही नाही. रुखमाबाईंनी डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. निळं पाणी. त्यांनी रिकाम्या पाण्यालाच गोल दाखवला. ओ नाही. त्यांचा श्वास भराभर सुटू लागला, बुडबुड्यांनी मला काही दिसेना. शिक्षक त्यांचा दंड धरून शांत राहा अशी खूण करत होता, पण त्यांना तो नको होता. ज्या भीतीनं त्यांनी रात्री काढल्या होत्या, तीच समोर उभी होती. मला वाटलं, संपलं. वर गेल्यावर ही बाई पोरीचा हात धरून तडक ब्रह्मपुरी गाठणार.

तेवढ्यात आवाज आला. ठक ठक ठक. धातूवर धातू.

रुखमाबाई गर्रकन मागे वळल्या. हाताच्या अंतरावर मयुरी होती, हवेच्या टाकीवर कडी वाजवत. तिनं गोल दाखवला. रुखमाबाईंनी आधी तिचा हात घट्ट धरला, आणि मग दुसऱ्या हातानं ओ दिली. माझ्या आत खारं पाणी आलं होतं. समुद्राचं नव्हतं ते.

किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी मला ओढून काढलं आणि पोरीवर धावल्या. "कुठी गेल्ती वो तू?"

"कुठंच नाही. तुझ्या मागं होते." मयुरी वाळूत त्यांच्याजवळ बसली. "जंगलात तुझ्या मागं मुखवटा असतो. इथं तो पुढं होता ना. मागं कोणीतरी हवं होतं."

पदर नव्हता, म्हणून रुखमाबाईंनी ओल्या हातानंच डोळे पुसले. मग विचारलं, "अन् तुह्या मागं कोण राह्यते?"

"आमच्यात एकटं कोणी उतरतच नाही, आई. जोडी लागतेच. जहाजावरही तसंच. मी तापानं पडले होते तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलीनं भट्टीवरची माझी पाळी सांभाळली, वर मला पेजही करून दिली."

"मले नाई सांगतलं तापाचं."

"तू टीव्हीवरच्या वादळांनी आधीच अर्धी झालीस."

रुखमाबाईंना हसू आलं. मग पोरीच्या केसांतली वाळू झटकत म्हणाल्या, "जाय बापा. तुह्या मागं कोणी हाय, मले एवढंच पाह्यचं होतं. राह्य तू या पाण्यावर."

गुणवंतराव बोटीतून ओरडत आले, "सगळं शूट केलं मी!" सगळं म्हणजे त्यांचा अंगठा. गावात तो व्हिडिओ अजून मोठ्या मानानं दाखवतात.

या गोष्टीला आता पुन्हा चैत्र आला. मयुरी आता भट्टीवरच्या मुख्य जागेवर आहे. तिचा फोन आला की रुखमाबाई हॅलो म्हणत नाहीत, आधी गोल दाखवतात. मला मयुरीनं विचारलं होतं, "हा चष्मा ठेवून घेऊ का इथं?" रुखमाबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "नाई, याचं काम हाय घरी."

तेव्हा मी इथं आहे, मोहाखाली. पट्ट्याला चीर गेली आहे, काचेवर काट्यांचे ओरखडे उठले आहेत, आणि अंगाला समुद्राचा नाही, मोहाचा वास येतो. आता मला कोणी मालदीवला न्यायला आलं तर मी जायचा नाही. तुम्हाला एकच विनंती. तुमचं माणूस दूर कुठं असेल, तर त्याला तिथं काय दिसतं हे विचारण्याआधी एक हाक द्या, आणि त्याची आली तर लगेच ओ द्या.

ऐका, सोमारीबाईंची हाक आली. रुखमाबाई वाकलेल्या आहेत, ओ त्या देतीलच. तुम्ही निघा आता. मला मागे बघायचंय.