गाभ्यातलं पाणी

पानांच्या मधोमध, जिथून नवी कळी मान वर काढते त्या खोलगट जागी, पाणी साचलं होतं. थोडंसंच, चमचाभरही नसेल... पण गाभा काळा पडला होता, आणि प्रेमलाबाईंनी बोट लावलं तेव्हा एक अख्खं पान देठासकट हातात आलं – मऊ, शिजवलेल्या भाजीसारखं. वरचं गुलाबी फूल मात्र खिडकीकडे तोंड करून मजेत उभं. खाली काय झालंय याचा त्याला पत्ताच नाही.

बकुळ संध्याकाळी येणार. माहेरच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेलेली सून पोरीला घेऊन आज परत येणार, आणि सोमवारपासून चिरगाँवच्या शाळेत तिची नोकरी सुरू – सकाळच्या बसनं जायचं ते दुपार उलटल्यावर यायचं. तोवर पोर कुणाजवळ? मधूनं, मुलानं, सरळ सांगून टाकलं होतं, "आई आहे की." त्यावर बकुळनं शेजारच्या मिश्राबाईंचं नाव एकदा काढलं होतं, तेही हळूच. आणि जाताना ही डेझी सासूच्या हवाली करून गेली... "आई, पाणी खालच्या ताटलीत घाला हं. वरून नको. डोक्यात पाणी गेलं की सड़ जाती है." नुसतं झाड सोपवलं नव्हतं तिनं. सून बोलत नाही, पण बघत असते – एवढं काय प्रेमलाबाईंना कळत नव्हतं?

आणि किती जपलं होतं! बाहेरचं ऊन होळीच्या आधीच भाजायला लागलेलं, अंगणात ठेवली असती तर एका दुपारीत करपली असती, म्हणून ती घरात. उजेड हवा पण झळ नको, म्हणून ऊन चढलं की पडदा ओढायचा, उतरलं की सारायचा. पाणी ताटलीतच. मग हे वरचं पाणी कुणाचं? रामकलीचंच, दुसरं कोण – भांडी घासते आणि त्याच ओल्या हातांनी घरभर फिरते...

"रामकली! कितनी बार कहा, इसके ऊपर पानी मत डाला कर!"

रामकली दारात आली, राखेचे हात तसेच. "हमने तौ छुओ लौ नइयाँ, अम्माजी. आपई तौ डारतीं रोज. नहाकें आउतीं, लोटा चढ़ाउतीं, हाथ जोरतीं. हमने सोची, मराठन में ऐसोई होत हुइए." आणि कोपर तोंडावर धरून हसली.

"चल, कुछ भी! मैं डालती हूँ रोज?" प्रेमलाबाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या... पण नजर कुंडीच्या काठावर गेली होती. तिथं हळदीचं बोट उमटलेलं. एक नव्हे, एकावर एक, वाळलेली.

थंडीत इकडे पाला पडतो, बर्फासारखं दव, त्यात तुळस जळते. म्हणून दरवर्षी पौषात त्या तुळस घरात घेत – याच खिडकीत. अंघोळ झाली की तांब्या भरून इथंच यायचं. थंडी सरली तशी बकुळनं तुळस मागच्या अंगणात नेली आणि इथं डेझी मांडली. हे सगळं त्यांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. हात रोज इथंच येत होता – आणि मी कुठं होते तेव्हा? डोळे मिटून काही म्हणत असेन... की डोळे उघडेच होते? विसरलेलं निदान कुठंतरी टोचत राहतं. इथं टोचायलाही काही उरलेलं नव्हतं.

त्यांनी लुगडं नीट केलं, ते सडकं पान रुमालात बांधलं आणि रिक्षा करून इलाइट चौराह्याजवळच्या रोपवाल्याकडे गेल्या.

"हूबहू यही है, अम्माजी. बहू को पता भी नहीं चलेगा."

"बहू का नाम किसने लिया?"

"लो! अपने घर का पौधा हो तो कोई गली पत्ती रूमाल में बाँधकर लाता है?" तो गालात हसला. "ऊपर से पानी किसने डाला?"

"कामवाली ने."

"हाँ जी. सबके यहाँ कामवाली ही डालती है."

परतताना नवी कुंडी मांडीवर होती आणि जरा वेळ बरं वाटलं. जुनी नाल्यात टाकायची, ही खिडकीत ठेवायची, झालं. मिश्राबाईंचं नाव पुन्हा निघायचं कारण नाही. आणि मांडीवरच्या त्या ओल्या, गार भारानं पोरीची आठवण झाली. लग्नाला जाईपर्यंत तिला पायांवर घेऊन न्हाऊ त्याच घालत. ऊन पाणी, त्यात गार पाणी, मग कोपर बुडवून बघायचं, आणि मग पहिला तांब्या... कोपर बुडवत होते ना मी? बुडवत असणारच. माझ्या हाताला सांगावं लागत नाही – हे त्या शेजारणींना मोठ्या मिजाशीत ऐकवत आल्या होत्या. आता त्यांनी एकेक सकाळ आठवून पाहिली. वाफ दिसली, पोरीची ओली जावळं दिसली, तांब्या दिसला. कोपर काही दिसेना.

रिक्षा दाराशी पोचली तर बकुळ ऑटोतून उतरत होती.

"आई! आधीची गाडी मिळाली आम्हाला. तुम्ही उन्हात कुठे गेला होतात? बरं, धरा हिला जरा, मैं सामान उतारती हूँ."

पोरीनं आजीला ओळखलं. दोन्ही हात पुढे टाकून सगळं अंगच तिच्याकडे झोकलं.

"आई?"

कुंडी ठेवायला ओटा हाताशीच होता. प्रेमलाबाईंनी ती छातीशी आणखी घट्ट धरली. बकुळ बघत होती – कुंडीकडे, मग त्यांच्या तोंडाकडे – आणि ज्या नजरेचा इतके महिने राग येत होता, ती आता हलू नये, तिनं अजून नीट, अजून खोल बघावं असं त्यांना वाटत होतं... पोरीचे हात अजून पुढेच होते.